मदत हवी आहे: सीनाकाठच्या गावासाठी कडबा आणि गाळ उपसायचा पंप

नमस्कार मंडळी. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. उन्हाळ्यात कोरडी पडणारी आमची नदी, पण या सप्टेंबर २०२५ मध्ये पाऊस थांबेना आणि वरून सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचं पाणी एकदम आलं. सखल वस्त्या, ऊस, सोयाबीन, सगळं बुडालं.

माणसांना धान्य मिळतंय, देणाऱ्यांचे मनापासून आभार. (जुने कपडे मात्र आता नकोत, ठेवायला कोरडी जागा नाही.) खरी अडचण जनावरांची आहे. कडब्याच्या गंजी वाहून गेल्या. उरलेल्या कडब्याला बुरशी आलीय, तो गाभण गायीपुढे टाकायला हात धजत नाही. सुका कडबा, मुरघास, पेंड कोणी देऊ शकेल का? ट्रॅक्टर आम्ही पाठवतो. आणि घटसर्प-फऱ्याची लस लगेच टोचावी, की जनावरं जरा सावरू द्यावीत? पशुवैद्यक असतील त्यांनी कृपया सांगावं.

विहिरी गाळानं भरल्यात. मड पंप कोणाकडे आहे? एरवी हजार लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकतो. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला तेवढी पुरेल का?

काही रानांची मातीच खरवडून गेलीय. त्याचा पंचनामा पिकाच्या पंचनाम्यात धरतात की वेगळा मागायचा? २०१९ चा महापूर सोसलेल्या सांगली-कोल्हापूरच्या मंडळींनी हे जरूर सांगावं.