माउस इव्हेंटमधलं 'इग्नोर' म्हणजे दुर्लक्ष का? मराठीत काय म्हणाल?

क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम बनवायची लायब्ररी) एक गोल नॉब बनवतोय, स्वतः पेंट केलेलं विजेट, म्हणजे स्क्रीनवरचा एक घटक. तो ज्या पॅनलवर बसलाय त्यावर दाबलं की पॅनल सिलेक्ट होतं, पण नॉबवर दाबल्यावर ते व्हायला नको होतं म्हणून नॉबच्या माउस प्रेसमध्ये (माउसचं बटण दाबल्यावर चालणारं फंक्शन) शेवटी इग्नोर लिहिलं. आपण बोलताना "इग्नोर मार" म्हणतो म्हणजे विषय संपला ना, मी तसंच धरून चाललो. तर नॉबही फिरतो आणि पॅनलही सिलेक्ट होतं! दोन दिवस गेले यात. याला नेमका शब्द काय वापरावा?

— दुर्लक्ष तर अजिबात नको. तिथे इग्नोर म्हणजे "मी हा घेतला नाही, वरच्याला विचारा", मग इव्हेंट (माउस दाबल्याची सूचना) पॅरेंटकडे, म्हणजे नॉब ज्यावर बसलाय त्या पॅनलकडे जातो. विषय संपवणारा शब्द ॲक्सेप्ट आहे. प्रेसचं फंक्शन तू स्वतः लिहिलंस की इव्हेंट आधीच ॲक्सेप्ट धरलेला असतो, त्यामुळे ती ओळ नुसती काढून टाक. आणि शेवटी क्यूविजेटचं (सगळ्या विजेटांचा मूळ क्लास) मूळ फंक्शन कॉल करत असशील तर तेही काढ, ते आत इग्नोरच करतं.

— "पुढे ढकलणं" म्हणावं तर ते लांबणीवर टाकणं होतं, "झिरपणं" खाली जातं आणि इव्हेंट तर वर जातो. मला "वर सरकवणं" पटतं, फाइल साहेबांकडे सरकवतात तसं. ब्राउझरमध्ये यालाच बबलिंग म्हणतात, पण तिथे बुडबुडा आपोआप वर येतो, थांबवायचा तर तसं सांगावं लागतं. क्यूटीत एकाने घेतला की थांबला.

— ओळ काढली, चाललं!! "वर सरकवणं" फार आवडलं. आता अजून एक, नॉबवरून नुसता कर्सर फिरवला की रंग बदलायचाय पण मूव्ह इव्हेंट येतच नाही, बटण दाबून फिरवलं तरच येतो.

— माउस ट्रॅकिंग चालू कर, ते मुळात बंद असतं. बटण दाबलेलं असताना मात्र कर्सर नॉबच्या बाहेर गेला तरी मूव्ह नॉबलाच मिळतात, कारण तोवर माउस त्याने "धरून ठेवलेला" असतो, म्हणून यासाठीच्या ग्रॅब या शब्दाला "पकडणं" पेक्षा "धरून ठेवणं" बरं वाटतं मला.

— झालं. प्रेसच्या फंक्शनवर कॉमेंट टाकली: "इव्हेंट नॉबच घेतो, वर सरकवत नाही."