मदत हवी: म्हशींना तेल सुरू केलं आणि फॅट उलट घसरली! बायपास फॅटवर जाऊ का?

तबेलेकर_गोरेगाव:

मंडळी, आरे कॉलनीत आमचा छोटा तबेला आहे. १४ म्हशी, बहुतेक मुऱ्हा, दोन जाफराबादी. वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मीच बघतो, म्हणजे अजून शिकतोच आहे.

आमचं निम्मं दूध एका मिठाईवाल्याकडे जातं. फॅट ७ टक्क्यांच्या आसपास असायची. उन्हाळ्यात दूध कमी झालं, म्हणून कुणीतरी सांगितलं की तेल द्या, ताकद येते आणि फॅटही चढते. पटलं मला. तेल म्हणजे फॅट, फॅट दिली की दुधात उतरणार. १५ दिवस प्रत्येक म्हशीला सकाळी पाव लिटर आणि संध्याकाळी पाव लिटर सोयाबीन तेल आंबोणात (पेंड-कोंड्याच्या भिजवलेल्या खाद्यात) घातलं. आता फॅट ५.६. मिठाईवाला म्हणतो, खवा पडत नाही, पाणी घालायला लागलात का? तीस वर्षांच्या गिऱ्हाइकाकडून हे ऐकून घ्यावं लागलं.

शेणही पातळ झालंय आणि त्यात पेंढ्याचे तुकडे जसेच्या तसे दिसतात. आंबोण पुरं खात नाहीत, रवंथ कमी वाटतो.

रोजचं खाणं असं: तेलघाणीची सरकी पेंड ३ किलो, तूरचुणी आणि गव्हाचा कोंडा मिळून ३ किलो, भाताचा पेंढा आणि पारा गवत.

आता खाद्याचा विक्रेता बायपास फॅट घ्या म्हणतोय. तेही पामतेलापासूनच बनतं म्हणे. मग तेलाने बिघडलं ते तेलानेच कसं सुधारणार? की हा नुसता महागडा साबण आहे? वास तर तसाच येतो.

पशुवैद्य_परळ:

बायपास फॅट साबणच आहे, थट्टा नाही. तेलातली मेदाम्लं कॅल्शियमला बांधली की जो क्षार होतो, तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने साबणच. पण आधी तुमच्या तेलाचं बोलू.

म्हैस पेंढा स्वतः पचवत नाही. तिच्या कोटीपोटातले (चार पोटांपैकी पहिल्या, मोठ्या पोटातले) जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव तो कुजवतात, त्यातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल तयार होतं आणि कास त्यापासून दुधातल्या फॅटचा मोठा भाग घडवते. म्हणजे तुमची फॅट तेलाच्या डब्यातून कमी आणि पेंढ्यातून जास्त येते. सोयाबीन तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल असतं. अशी असंतृप्त मेदाम्लं तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना विषारी ठरतात. शिवाय तेलाचा थर चाऱ्यावर बसला की जिवाणूंना तिथे चिकटता येत नाही. शेणातले पेंढ्याचे तुकडे तेच सांगताहेत.

जे जिवाणू उरतात ते या तेलात हायड्रोजन घालून ते संतृप्त करायला बघतात. पोटाचं गणित बिघडलेलं असेल तर त्या वाटेत एक आडवळणाचं मेदाम्ल तयार होतं. ते रक्तातून कासेत गेलं की तिथलं फॅट बनवण्याचं कामच मंदावतं. दिवसाला काही ग्रॅम पुरतात. म्हणून दूध टिकतं आणि फॅट कोसळते. मिठाईवाल्याला सांगा, पाणी नाही, तेल आहे.

हिशोब करा. म्हैस दिवसाला साधारण १३ किलो कोरडं खाद्य खाते. चाऱ्यातून १४० ग्रॅमच्या आसपास फॅट, घाणीच्या पेंडीतून २०० च्या वर, चुणी-कोंड्यातून १०० धरा. साडेतीन टक्के तिथेच झाले. वर तुमचं अर्धा लिटर तेल, म्हणजे ४६० ग्रॅम. एकूण ७ टक्के. पाचाच्या पुढे साधं तेल न्यायचं नसतं.

पोटफुगीत आपण गोडेतेल पाजतो, ते फेस मोडायला. ते एका वेळचं औषध आहे, रोजचा खुराक नव्हे.

तबेलेकर_गोरेगाव:

डॉक्टर, डोळे उघडले. तेल आजच बंद. पण बायपासचं तेल मग पोटात काय करतं?

पशुवैद्य_परळ:

काहीच करत नाही, कोटीपोटाला वळसा घालून पुढे जातं, म्हणूनच ते बायपास; तीच त्याची खुबी. कोटीपोटाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं आंबट) ६ ते ६.८ च्या आसपास असतो, तिथे तो कॅल्शियमचा क्षार विरघळत नाही आणि जिवाणूंना त्रास देत नाही. चौथ्या पोटात सामू २-३ वर येतो, तिथे तो सुटतो आणि फॅट लहान आतड्यात शोषली जाते. पण चुणी-कोंडा फार आणि चारा कमी असा तबेल्याचा खास खुराक असेल, तर कोटीपोटच आंबट होतं आणि क्षार आधीच सुटायला लागतो. म्हणजे आधी चारा, मग बायपासचा डबा.

बायपासची दुसरी जात म्हणजे हायड्रोजन घातलेल्या फॅटचे कडक दाणे. त्यांचा वितळबिंदू ५० अंशांच्या वर, म्हशीच्या पोटात ३९ च्या आसपास, म्हणून ते वितळत नाहीत. तेलाभोवती फॉर्मलडिहाइडने घट्ट केलेल्या प्रथिनांचं कवच घालायची पद्धतही आहे, ती ऑस्ट्रेलियातून आली.

पालघरचा_काका:

बाळा, माझं ऐक. आमच्याकडे बायपास दिवसाला १०० ते १५० ग्रॅम देतात, तेही नुकत्याच व्यालेल्या आणि जास्त दूध देणाऱ्या म्हशीला, पहिले तीन महिने. भाकडीला घालशील तर पैसे शेणात. सुरुवात ५० ग्रॅमने कर, आठवड्याभरात वाढव, साबणाच्या वासाने तोंड फिरवतात. आणि घेण्याआधी चमचाभर कोमट पाण्यात टाकून बघ. वर तेल तरंगलं तर ते बांधलेलंच नाही.

एक गोष्ट मात्र विक्रेता सांगणार नाही. याचा मोठा फायदा असा की व्यालेली म्हैस फार खंगत नाही आणि वेळेत माजावर येते, गाभण राहते. तुम्ही मुंबईवाले ताजी व्यालेली आणता आणि आटली की विकता. मग गाभण राहण्याचा फायदा तुझ्या पदरात कसा पडणार? आधी दुधाचा हिशोब कर.

तबेलेकर_गोरेगाव:

काका, खरंय, आमच्याकडे म्हशीचं दुसरं वेत मी क्वचितच पाहिलंय. फक्त पाच ताज्या व्यालेल्यांना देऊन बघतो.

(१२ दिवसांनी) तेल बंद, पेंढा वाढवला, बायपास अजून सुरू केलेलं नाही. फॅट ६.४. शेण घट्ट झालंय. डॉक्टर, पूर्ववत व्हायला अजून किती दिवस?

पशुवैद्य_परळ:

दोन-तीन आठवडे धरून चाला. ७ वर आली की मगच त्या पाचांना सुरू करा, नाहीतर कशामुळे चढली ते कळणारच नाही.

तबेलेकर_गोरेगाव:

ठीक. उरलेला तेलाचा डबा भय्याने घरी नेलाय, काल त्याने सगळ्या तबेल्याला भजी खायला घातली.