सिसस्टॅट टाकलाय, पण नोंदी बंद: हा डीफॉल्ट कोणाच्या सोयीचा?

रात्रपाळी
काल इथे एकाने लिहिलं, "डेबियनने सिसस्टॅटच्या नोंदी बंद ठेवल्यात ते बरोबरच आहे, ज्याला हव्यात तो एक शब्द बदलेल." वाचून डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: डेबियन हे लिनक्सचं एक रूप, सिसस्टॅट हे प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचे आकडे ठरावीक वेळाने नोंदवणारं पॅकेज, आणि डीफॉल्ट म्हणजे आपण काही न बदलता मिळणारं सेटिंग.

गेल्या पावसाळ्यात एका क्लायंटचा डेटाबेस सर्व्हर पहाटे ३ वाजता अडकला. डेबियन १२. फोनवरून रीबूट करून घेतला. १० वाजता मॅनेजरने विचारलं, झालं काय होतं? मी सार (सिसस्टॅटच्या जुन्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवला. उत्तर आलं की फाइल उघडता येत नाही, डेटा गोळा करणं चालू आहे का ते बघा. पॅकेज ८ महिने मशीनवर होतं आणि सेटिंगच्या फाइलीत 'एनेबल्ड'समोर 'फॉल्स'! रॅम संपली होती की डिस्क अडकली होती, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

बाकी सगळं नंतर टाकता येतं. पहाटे ३ ची नोंद सकाळी १० ला घेता येत नाही. दर १० मिनिटांना एक, दिवसाला १४४ नोंदी, एवढंच तर काम आहे.

कमीतकमी
तो एकजण मीच. डिस्क आणि प्रोसेसरचे चालू आकडे दाखवणारे आयओस्टॅट आणि एमपीस्टॅट याच पॅकेजात येतात, मला तेवढेच लागतात. घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची दोन एसडी कार्डं सतत लिहून लिहून गेली, त्यामुळे मागे काय लिहिलं जातंय याबद्दल मी कडक आहे. मशीन माझं आहे, मला न विचारता काही सुरू व्हायला नको. आणि ८ महिन्यांत तुम्ही एकदाही सार चालवून पाहिला नाहीत, यात डेबियनचा काय दोष?

जुना सेंटॉसवाला
"न विचारता" म्हणे! डेबियनवर अपाचे (वेबसाइट चालवणारा प्रोग्रॅम) टाका, एंटर दाबून हात उचलायच्या आत तो पोर्ट ८० वर, म्हणजे वेबच्या दारात, उभा असतो. तेव्हा कोण विचारतं? जगाला दार उघडणारी गोष्ट आपोआप चालू, आणि गुपचूप आकडे लिहिणारी बंद. सेंटॉस ७ या दुसऱ्या लिनक्सवर क्रॉनची (ठरल्या वेळी काम चालवणारी) फाइल पॅकेजसोबतच यायची आणि २८ दिवसांच्या नोंदी राहायच्या. डेबियनवर चालू केलं तरी ७ च दिवस. "मागच्या महिन्यात असंच झालं होतं का" याला ७ दिवसांत काय उत्तर देणार?

डिस्कदुखी
सार राहू द्या, डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणाऱ्या स्मार्टडीचं बोला. तो चालू असतो, दर ३० मिनिटांना डिस्क तपासतो, आणि बिघाड दिसला की रूटला (मशीनच्या मुख्य खात्याला) मेल करतो. मशीनवर मेल पाठवायचा प्रोग्रॅमच नसेल तर ती सूचना लॉगमध्येच, म्हणजे मशीनच्या नोंदवहीतच, पडून राहते.

वडिलांची सांगलीला छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. १४ वर्षांची डिझाइन्स एका डिस्कवर होती. डिस्क गेल्यावर लॉग उघडला: डिस्कचे ८ सेक्टर (तुकडे) वाचता येत नाहीत. तीच ओळ दर अर्ध्या तासाला, सलग ५ आठवडे. मशीन ओरडत होतं आणि कोणाला ऐकू जात नव्हतं.

कमीतकमी
मग हे माझ्याच बाजूचं झालं. डीफॉल्टने चालू आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो. रूटचा मेल आपल्या पत्त्यावर वळवणं हे पहिल्या दिवसाचं काम आहे.

डिस्कदुखी
माझे वडील रूटचा मेल वळवणार? ते ६८ वर्षांचे आहेत.

कमीतकमी
सर्व्हर त्यांनी नाही ना लावला? ज्याने लावून दिला त्याचं काम.

डिस्कदुखी
मीच लावून दिला होता. म्हणूनच इतकं पोटतिडकीने लिहितोय. २० वर्षं लिनक्स वापरतो, तरी त्या दिवशी पुण्याची गाडी पकडायच्या घाईत ते राहून गेलं. नुसतं इन्स्टॉलरने "बिघाडाची खबर कुठे देऊ?" एवढं विचारलं असतं तरी मी तिथेच नंबर दिला असता, पत्ता दिला असता.

जुना सेंटॉसवाला
कमीतकमी, तुमचं बोलणं लागट होतं. वडिलांच्या प्रेसबद्दल सांगणाऱ्या माणसाशी असं बोलतात का?

कमीतकमी
ठीक आहे, लागट होतं. डिस्कदुखी, माफ करा.

पण मुद्दा सोडत नाही. सिसस्टॅटमध्ये हा प्रश्न आहेच! डीपीकेजी-रीकॉन्फिगर (पॅकेजची सेटिंग पुन्हा विचारणारी कमांड) केलं की "नोंदी चालू करू का" असं विचारतो. टाकतानाच विचारत नाही, ही चूक मला मान्य. तिथे विचारा, मी 'नाही' म्हणेन, तुम्ही 'हो' म्हणा. डीफॉल्ट चालू करायला मात्र माझा विरोध कायम.

रात्रपाळी
स्क्रिप्टने एकदम ४० मशीन उभी करतो तेव्हा प्रश्न विचारायला समोर कोण बसलेलं असतं? तिथे डीफॉल्टच उत्तर देतो. तुमच्या रास्पबेरी पायवर बंद करायलाही एकच शब्द लागतो.

आज सकाळी आमची सगळी मशीन तपासली. ११ पैकी ४ वर अजून 'फॉल्स' होतं. त्यातलं एक तेच, पहाटे ३ चं. मी स्वतः बदललं होतं, मग नवी डिस्क बसवताना कोणीतरी पुन्हा इन्स्टॉल केलं.