‘फॉल्ट काढला’ म्हणजे नेमकं काय केलं?

माझी ऑटोमॅटिक गाडी अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजात सोडली होती. रेस घ्यायची, पण ओढायची नाही; रिव्हर्स पडायलाही दोन-तीन सेकंद. संध्याकाळी मिस्त्रींचा फोन आला, ‘फॉल्ट काढला, या.’ रिक्षा करून गेलो तर गाडी लिफ्टवर तशीच. त्यांच्या लेखी काढला म्हणजे सापडला, मी समजलो घालवला. वर म्हणाले, ‘आता बॉक्स काढावा लागेल.’ म्हणजे गिअरबॉक्स गाडीतून बाहेर. हा तिसराच अर्थ! गॅरेजात ‘निदान’ हा शब्द चालेल का?

▸ आपण उत्तर काढतो, चूक काढतो आणि काटाही काढतो. चूक काढणारा ती दुरुस्त करतोच असं नाही (आमचे हेडमास्तर आठवले). मिस्त्री ‘चूक काढणे’च्या चालीवर बोलले, तुम्ही ‘काटा काढणे’च्या चालीवर ऐकलंत. ‘निदान’ राहू द्या. गॅरेजात तो शब्द ‘निदान रिव्हर्स तरी पडू द्या’ एवढ्यापुरताच.

▸ वडिलांचं गॅरेज होतं, म्हणून सांगतो. बॉक्स गाडीखालून सुटा करणं म्हणजे उतरवणे, त्याचे भाग सुटे करणं म्हणजे खोलणे. ‘खोलणे’ हिंदीतून आला म्हणून नाक मुरडू नका. सोलापुरात एका गाडीभोवती मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे उभे असतात आणि तो सगळ्यांना कळतो. खरा शब्द पुढचा: बांधणे. एखादा सोलेनॉइड (ऑईलची वाट उघडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बदलला तर ती दुरुस्ती. पुष्कळदा बॉक्स उतरवावाही लागत नाही. ‘बांधला’ म्हणजे क्लचप्लेटा, सील, ओ-रिंगा नव्या टाकल्या, प्लेटांमधला गॅप फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजला, मगच बंद केला. पैशातला फरक याच दोन शब्दांत आहे. ‘पुनर्बांधणी’ मात्र किल्ल्यांची आणि पक्षांची होते, गिअरबॉक्सची झालेली ऐकली नाही.

▸ ‘ओव्हरऑईल’ राहिला! मूळ ओव्हरहॉल, पण हात तेलात बरबटलेले, म्हणून ऑईल शिरलं असावं.

▸ आधी गाडी कोणती ते सांगा. मारुतीची सेलेरिओ २०१४ साली आली तेव्हापासून एएमटीलाही सगळे ऑटोमॅटिकच म्हणतात. त्यात गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबण्याचं नि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात इंजिनाची ताकद ऑईलमधून बॉक्सकडे जाते, आणि क्लचप्लेटांचे गठ्ठे बॉक्सच्या आत असतात.

▸ वा, क्रियापदही बघा. साध्या गाडीत आपण गिअर ‘टाकतो’, ऑटोमॅटिकमध्ये तो ‘पडतो’. कर्ताच गेला.

▸ मूळ प्रश्नकर्ता: टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे. आज गिअरबॉक्सखालचं ऑईलचं पॅन सोडलं. नवं ऑईल सहसा लाल असतं, हे बोटावर काळपट आलं, वासही जळका. मिस्त्री म्हणाले, ‘ऑईल जळालंय.’ मी विचारलं, किती कमी झालं? ‘कमी कशाला होईल? आहे तेवढंच आहे.’ इंजिनात ऑईल जळतं म्हणजे संपत जातं. इथे ते उष्णतेने नासलंय, तळाशी लागलेल्या आमटीसारखं. मी ‘करपलंय’ म्हणालो, तर त्यांनाही पटलं. खर्चाच्या कागदावर त्यांनी लिहिलंय: ‘बॉक्स काढून, फॉल्ट काढून, बांधून देणे.’ दुसरा ‘काढून’ कुठला, ते या वेळी सही करण्याआधी विचारून घेतलं.