नुसता बीओडी पुरणार नाही, मिथेनही धरा
नदीच्या पाण्याचा पाच दिवसांचा बीओडी (पाण्यातला सेंद्रिय कचरा कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तो) घेतला की नियोजित धरणाच्या जलाशयात किती ऑक्सिजन राहील याचा हिशेब करता येतो, असं काहीजण म्हणतात. वरच्या थरापुरतं ठीक आहे, तळासाठी मुळीच नाही. तळाचा हिशेब क्षेत्रफळावर करावा लागतो. समजा वरच्या उबदार थराखाली १० मीटर पाणी अडकलंय आणि त्यात ८ मिग्रॅ/लिटर ऑक्सिजन आहे, तर दर चौरस मीटरला साठा ८० ग्रॅम. गाळ आणि बुडालेला पाला मिळून रोज १ ग्रॅम खात असतील तर ८० दिवसांत सगळा संपतो. पाणी १० अंशांनी गरम असेल तर खप जवळपास दुप्पट, म्हणून थंड देशांतले दर उचलून इथे वापरू नका.

शिवाय या हिशेबात मिथेन, म्हणजे तळाशी ऑक्सिजनविना पाला कुजून होणारा वायू, धरलेलाच नाही. फ्रेंच गयानातल्या पेती सो धरणात १९९४ पासून पाणी साठवलं, तेव्हा बहुतेक जंगल उभंच बुडालं. तळाच्या पाण्यातला मिथेन टर्बाइनमधून सिनामारी नदीत गेला की जिवाणू तो वापरतात. १ ग्रॅम मिथेनच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला ४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्यामुळे धरणाच्या पायथ्याशी मोजलेला ऑक्सिजनचा आकडा फसवतो, खरी घसरण पुढे वाहताना होते. नदीत किमान २ मिग्रॅ/लिटर राखायला तिथे खालच्या बाजूला पाणी कोसळवून हवा मिसळणारा बंधारा बांधावा लागला. झाडं तोडायचीच असतील तर पाला आणि बारीक फांद्याही बाहेर काढा. पहिल्या वर्षांत ऑक्सिजन तेच खातात, खोडं दशकानुदशकं तशीच उभी राहतात.