मदत हवी आहे: होजिअरीच्या (टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाच्या) टॉपला गळ्याची पट्टी किती कापावी?

ठाण्यात बाहेर घाम आणि ऑफिसात एसीचा गारठा, म्हणून आत बिनबाह्यांचा टॉप, वर उघडा श्रग अशा जोड्या घरीच शिवतेय. सुती होजिअरी आटते, त्यामुळे कापड धुऊनच कापते. साध्या मशीनला ११ नंबरची बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लावून बारीक झिगझॅग घातली की ताणलं तरी शिवण तुटत नाही. हे फार छान जमतंय.

अडतंय ते गळ्याशी. रिबची (उभ्या रेघांच्या, जास्त ताणणाऱ्या विणीच्या कापडाची) पट्टी गळ्याच्या घेराच्या पाऊणपट घेतली तर चुण्या पडतात, घेराइतकी घेतली तर गळा लोंबतो. तुम्ही किती धरता? कापडात लायक्रा (ताणणारा धागा) असेल तर माप बदलतं का? आणि जांभळी नाक्याला किंवा वाशीत रंगाला जुळणारी रिब मीटरवर कुठे मिळेल? ओव्हरलॉकशिवाय (कडा गुंफणाऱ्या मशीनशिवाय) शिवणाऱ्यांनी तर नक्कीच सांगा.