'ॲबरंट' धमनीला मराठीत काय म्हणावं?

चौकस: पित्ताशयाच्या ऑपरेशनचं माहितीपत्रक मराठीत आणतेय. 'ॲबरंट राइट हिपॅटिक आर्टरी'पाशी, म्हणजे यकृताच्या उजव्या धमनीपाशी, अडले. एकांनी 'विकृत यकृत-रोहिणी' सुचवलं. आत्याला वाचून दाखवलं, तर ती घाबरून म्हणाली, "म्हणजे माझ्यात जन्मापासून खोट आहे का गं?"

शस्त्रपाणी: 'विकृत' अजिबात नको. धमनी निरोगीच असते, फक्त निघते दुसरीकडून. यकृताची धमनी एरवी सीलिअॅक ट्रंक या महाधमनीच्या शाखेतून येते. काहींची उजवी शाखा आतड्यांना रक्त देणाऱ्या सुपीरिअर मेसेन्टेरिक धमनीतून निघून स्वादुपिंडाच्या डोक्यामागून, पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेच्या) उजवीकडून वर चढते. शरीररचनातज्ज्ञ मिशेल्सने २०० देहांच्या विच्छेदनावरून १९६६ मध्ये वर्गवारी छापली, त्यात पुस्तकी रचना जेमतेम ५५ टक्क्यांत निघाली. उरलेल्यांना विकृत म्हणायचं? 'वेगळ्या उगमाची' म्हणा.

शब्दवेल्हाळ: दोन शब्द कशाला? 'अन्योद्भव' म्हणा. आणि रोहिणीच ठेवा. आम्ही शाळेत रोहिणी-नीलाच शिकलो, 'धमनी' हिंदीतून घुसली.

चौकस: 'अन्योद्भव' आत्याला कोण समजावणार?

शस्त्रपाणी: धमनी हिंदीची कशी? सुश्रुताच्या शारीरस्थानात नाभीपासून निघणाऱ्या २४ धमन्या आहेत: १० वर, १० खाली, ४ आडव्या. धातू 'ध्मा', म्हणजे फुंकणे. ग्रीक 'आर्टेरिया'सुद्धा आधी श्वासनलिकाच.

बरं, नेहमीच्या धमनीच्या जोडीला असते त्या 'ॲक्सेसरी'ला कोणी 'जादा' म्हणतं, त्याला माझा सक्त विरोध आहे. जादा म्हटलं की तोडली तरी चालेल असं वाटतं. यकृताच्या एखाद्या भागाचा धमनीपुरवठा तिच्यावरच असू शकतो. पित्तनलिका तर धमनीच्याच रक्तावर जगतात. व्हिपलमध्ये (स्वादुपिंडाचं डोकं काढायच्या ऑपरेशनमध्ये) अशी वाट बदललेली धमनी नकळत बांधली गेली, तर नलिका आणि आतड्याचा सांधा गळू शकतो. म्हणून आधी सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, नीट बघायचा.

माळावरची: आमच्याकडे सगळ्याला 'नस'. 'रक्ताची नस' लिहा, म्हाताऱ्यांना लगेच कळेल.

शब्दवेल्हाळ: नस नको, आपली 'शीर' आहे की.

शस्त्रपाणी: शीर म्हणजे नीला, हृदयाकडे रक्त परत नेणारी. धमनीला शीर म्हटलं तर अर्थच उलटा होईल.

माळावरची: उलटा कसा? माझी आजी मनगटावर बोट ठेवून 'शीर उडतेय' म्हणायची. उडते ती धमनीच ना?

शब्दवेल्हाळ: तिला आम्ही नाडी म्हणतो. आणि कंबरेत दुखलं की 'शीर दबली' म्हणतात, तिथे तर दबते ती रक्तवाहिनी नसतेच, मज्जातंतू असतो.

माळावरची: कंबरेत नसच दबते. शीर दबली असं आमच्या गावात कोणी म्हणत नाही.